काच डोळ्यांसाठी, छातीसाठी काय?

(जबलपूरच्या कांचघर भागातील वेल्डर कामगारांपुढे केलेले भाषण)



वेल्डर १९०४ पासूनच्या तोफगाडी कारखान्यातला असो वा गल्लीतल्या वर्कशॉपातला, ढालीची काळी काच त्याचे डोळे राखते. छातीत जाणारा धूर ती अडवीत नाही. २०१७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हा धूर मानवात कर्करोग निर्माण करणारा ठरविला.

तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे संरक्षण नव्हे. धातूचे सूक्ष्म कण त्यातून सहज पार होतात. भारतीय मानक ९४७३ नुसार निदान एफएफपी-२ दर्जाचा, ढालीखाली मावणारा व चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा हवा. दाढीमुळे फट राहिली तर तो कुचकामी ठरतो. कणांची गाळणी वायू रोखत नाही, प्राणवायूही पुरवीत नाही. म्हणून बंद टाकीत बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे साधनच अनिवार्य होय.

तरीही मुखवटा ही शेवटची तटबंदी. धूर शक्यतो उगमाजवळच ओढून घ्यावा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने मालकांना बजावले होते. परंतु विजेवर चालणाऱ्या, दहांहून कमी कामगारांच्या वर्कशॉपांना तो सामान्यतः लागू नव्हता. २०२० च्या संहितेने कारखान्याच्या व्याख्येतील हा आकडा वीसवर नेला. जिथे धूर कोंडतो, तिथेच कायदा पातळ होतो.

म्हणून मुखवटा, त्याच्या बदली गाळण्या आणि धूर ओढणारा पंखा यांचा खर्च मजुरीतून नव्हे, मालकाच्या खिशातून झाला पाहिजे. ही मागणी एकट्या वेल्डरची नव्हे, संघटनेची असली पाहिजे.