आईंची बोटं आणि दोन एक्स-रे

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मध्यंतरात गुडघे दाखवायला रांग लागायची! कार्यकर्त्यांनी आम्हाला उभं केलं ते आमच्या घरात हा आजार आहे म्हणून. त्याचं नाव सिस्टेमिक स्क्लेरोसिस.

आई नाशिकहून आमच्याकडे इंग्लंडात आल्या, त्या पहिल्याच थंडीत सुरुवात झाली. फ्रीजमधून दूध काढलं तरी बोटं पांढरीफटक, मग निळी, मग लाल. आम्ही म्हटलं, सवय नाही थंडीची. एका डॉक्टरांनीही "वयाचं आहे" म्हणून गोळ्या दिल्या. यात दोन हिवाळे गेले. तोवर बोटांची कातडी ताणून चकचकीत झाली, मूठ पुरती मिटेना.

मग संधिवाताच्या तज्ज्ञांनी हातांचा एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. नखाखालच्या हाडाचं टोक एरवी छोट्या फावड्यासारखं पसरट असतं. आईंच्या तर्जनीचं टोक पेन्सिल तासावी तसं निमुळतं झालं होतं. बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टोकाला रक्त पुरत नाही, आणि हाड हळूहळू विरून जातं. अंगठ्याच्या मांसात पांढरे ठिपके होते, चुन्याचे. "आई कॅल्शियमच्या गोळ्या घेतात, त्याने का?" आम्ही विचारलं. तसं नाही म्हणे. रक्तातलं कॅल्शियम बहुधा ठीकच असतं, चुना साठतो तो दुखावलेल्या जागी. पुढे त्यातला एक खडा कातडी फोडून बाहेर आला. त्या रात्री घरात कोणी झोपलं नाही.

फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००६ साली १२० रुग्णांच्या हातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २२ टक्क्यांत टोकांची हाडं झिजलेली, २३ टक्क्यांत चुना, २१ टक्क्यांत सांध्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या. म्हणजे हे बदल नसलेले रुग्णही पुष्कळ. एक्स-रे चांगला आला म्हणून आजार नाही, असं समजू नका. २०१३ साली या आजाराचे जे निकष ठरले त्यात हाताचा एक्स-रे नाहीच. पांढरी पडणारी बोटं, नखाच्या मुळाशी भिंगातून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या आणि रक्ताच्या तपासण्या आहेत. फुप्फुसंही आहेत, कारण हा आजार हातावर थांबत नाही.

आमच्या धंद्यात दोन फायली शेजारी ठेवून फरक बघतात. दोन वर्षांनी दुसरा एक्स-रे काढला तेव्हा आम्ही तेच केलं. गेलेलं हाड परत आलं नव्हतं. मधल्या बोटाचीही सुरुवात झाली होती, पण थोडीच. ते दोन हिवाळे आम्हाला अजून टोचतात.

आजचा निधी गावाकडच्या अशाच रुग्णांच्या सुरुवातीच्या तपासण्यांसाठी आहे. पेटी दाराशी आहे, चेकही चालेल. आणि घरी कुणाची बोटं थंडीत अशी रंग बदलत असतील, तर "सवय नाही" म्हणू नका, दाखवा.

आईंच्या मोदकाला एकवीस कळ्या असायच्या. गेल्या गणपतीत त्या हातमोजे घालून खुर्चीत बसल्या होत्या आणि आम्हा दोघांच्या पाऱ्या बघून म्हणत होत्या, "अरे, ही काय करंजी आहे का?"