बोले यांचा दुसरा ठराव

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं आम्हाला विषय दिला, "लोकप्रतिनिधी कसा असावा." आता 'असावा' म्हटलं की चांगल्या चांगल्या शब्दांची माळ होते, ती ऐकून माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. म्हणून आम्ही असावा-नसावा सोडून एक आमदार कसा होता तेवढंच सांगणार आहोत. त्याचा फोटो आपल्या विहारात नाही. जयंतीच्या मिरवणुकीत त्याच्या नावाची घोषणा होत नाही. तो आपल्या जातीचाही नव्हता. सीताराम केशव बोले. सरकारनं रावबहादूर केलं म्हणून रावबहादूर बोले.

मुंबईचे भंडारी समाजाचे गृहस्थ. आमदार होण्याच्या पुष्कळ आधीपासून त्यांचं काम होतं, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. गिरणी कामगारांसाठी १९०९ च्या सुमारास 'कामगार हितवर्धक सभा' निघाली, तिच्या संस्थापकांत बोले होते. त्या काळी गिरणीत दिवस उगवायच्या आत शिरायचं आणि अंधारात बाहेर पडायचं, अशी गत होती. गिरणीतल्या मोठ्या माणसाला दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, एवढं कायद्यात यायला १९११ साल उजाडलं. बारा तास, आणि तीही सुधारणा! आम्ही सूत आणि साचा यांच्यात आयुष्य काढलेली माणसं, आम्हाला त्या बारा तासांचा अर्थ सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट तर आपल्या घरातलीच. विद्यार्थी भीमराव परीक्षा पास झाले म्हणून समाजानं सत्काराची सभा भरवली आणि तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं, हे आपल्या लहान पोरांनाही माहीत आहे. त्या सभेच्या अध्यक्षस्थानी कोण होतं? धनंजय कीर लिहितात, सीताराम केशव बोले. म्हणजे बुद्धाचं पुस्तक बाबासाहेबांच्या हाती पडलं तेव्हा हा माणूस व्यासपीठावर होता. कुणाच्या पोराचा सत्कार आहे, हे माहीत असून तो आला होता. त्या काळी हे सोपं नव्हतं.

पुढं बोले मुंबई कायदे कौन्सिलात गेले. तेव्हाच्या कौन्सिलाची निवडणूक आजच्यासारखी नव्हती. ज्याच्याकडं मालमत्ता, जो कर भरतो, त्यालाच मत. अस्पृश्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हतं. आज एखादा उमेदवार वस्तीत पाऊल टाकायच्या आधी मोजतो की इथं आपली मतं किती. बोल्यांनी मोजलं असतं तर उत्तर जवळपास शून्य आलं असतं.

तरी ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी कौन्सिलात ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले, सरकारनं नेमलेल्या किंवा कायद्यानं स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सगळे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. ११ सप्टेंबरला सरकारनं आपल्या खात्यांना तसे आदेश काढले.

ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठराव म्हणजे सभागृहानं सरकारला केलेली शिफारस, तेव्हाही आणि आजही. सरकारनं खाली पत्र पाठवायचं, कलेक्टरनं नगरपालिकेला कळवायचं आणि नगरपालिकेनं ते फायलीला लावायचं. महाड नगरपालिकेनं मात्र ५ जानेवारी १९२४ ला स्वतःचा ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर खुलं. तळ्यावर गुरं पाणी पीत होती, आपला माणूस पीत नव्हता. बाकी ठिकाणी तर कागदही हलला नाही.

आता आमच्या मनात असलेली खरी गोष्ट इथं येते. बहुतेक लोक बोल्यांचा १९२३ चा ठराव सांगतात आणि थांबतात. आमच्या मते त्यांची खरी थोरवी दुसऱ्या ठरावात आहे. ५ ऑगस्ट १९२६ ला, तीन वर्षं आणि एक दिवस झाल्यावर, हा माणूस पुन्हा सभागृहात उभा राहिला. आपण केलेल्या ठरावाचं पुढं काय झालं, हे त्यानं बघून ठेवलं होतं. आणि या वेळी त्यानं दुखती नस धरली. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्ड हा ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करा, असं त्यानं मांडलं.

बघा, यात मोठं भाषण नाही. विनंती नाही, दया नाही. सार्वजनिक पैसा घेता, मग पाणी सगळ्यांना द्या. देणार नसाल तर पैसा नाही. गिरणीत जसं मुकादमाला तोंडी सांगून भागत नाही, हजेरीच्या रजिस्टरवर बोट ठेवावं लागतं, तसं हे आहे.

तरी पाणी मिळालं नाही, हेही सांगायला पाहिजे. बाबासाहेब १९२७ च्या सुरुवातीला स्वतः त्या कौन्सिलाचे नियुक्त सभासद झाले आणि २० मार्च १९२७ ला त्यांनी महाडात तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते काही कायदा मोडायला गेले नव्हते. सभागृहाचा ठराव आणि नगरपालिकेचा ठराव, दोन्ही आपल्या बाजूला होते. बेकायदा होते ते अडवणारे आणि लाठ्या चालवणारे. त्याच ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. मोजा, पहिल्या ठरावापासून साडेतेरा वर्षं.

आणि हे सगळं मुंबई इलाख्यातलं. आपण मराठवाड्यातले लोक निजामाच्या राज्यात होतो, बोल्यांचा कागद आपल्या हद्दीत चालत नव्हता. त्याचा पुरावा लांब नाही, दौलताबादला आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर किल्ला बघायला आले. प्रवासानं धुळीनं भरलेले, दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. एक म्हातारा ओरडत आला की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात कुठं पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन त्यांना आत सोडलं. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. परदेशातल्या मोठ्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषद गाजवून आलेला माणूस! आपले आजोबा-पणजोबा त्या वेळी कुठल्या पाणवठ्यावर उभे असतील, याचा विचार ज्यानं त्यानं आपापल्या घरी करावा. इथं तो हक्क लिहून मिळाला २६ जानेवारी १९५० ला, संविधानाच्या पंधराव्या कलमानं.

आता कुणी विचारील, बोले पुढं कुठं गेले? पुढं ते हिंदुमहासभेकडं वळले. तो रस्ता आपला नव्हे. पण माणसाचं जेवढं काम खरं आहे तेवढं मान्य करायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला व्यक्तिपूजा शिकवली नाही, कामाचा हिशोब शिकवला.

मग आजच्या आमदाराकडं काय बघायचं? कमान, हायमास्ट दिवा, सभामंडप, हे आमदार निधीतून होतं आणि तो निधी आपल्याच पैशाचा आहे. जयंतीला बॅनर लावला, वर्गणी दिली, खिचडी वाटली, हे तर कुणीही करतं. आमदाराचं म्हणून जे काम आहे ते सभागृहात आहे. तारांकित प्रश्न विचारला तर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी आहे, अशासकीय ठराव आहे. सगळं छापलं जातं. आपल्या शहरानं आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिलेली आहे. त्यावर कुणी किती वेळा प्रश्न विचारला आणि मिळालेल्या आश्वासनाचा पाठपुरावा पुढच्या अधिवेशनात केला का, हे बघायला काही पदवी लागत नाही. मागासवर्गीयांसाठीचा निधी किती आला, किती खर्च झाला, पोरांच्या शिष्यवृत्त्या कुठं अडकल्या, हेही तसंच.

आमची समितीला एक सूचना आहे. विहाराच्या वाचनालयात दोनशे पानी वही ठेवावी. डाव्या पानावर आमदारानं वस्तीत येऊन दिलेला शब्द, तारखेसह. उजवं पान कोरं. दर अधिवेशनानंतर कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलींनी आणि दोन मुलांनी विधिमंडळाचं कामकाज काढून बघावं आणि उजव्या पानावर जे सापडेल ते लिहावं. काही सापडलं नाही तर पान कोरंच ठेवावं, शेरा मारू नये. पुढच्या वेळी मतं मागायला जो कुणी येईल, मग तो आपल्या निळ्या झेंड्याचा असो की दुसऱ्या कुठल्या, त्याला आधी चहा द्यावा आणि मग ती वही द्यावी. वहीचे पैसे आम्ही आजच समितीकडं जमा केले आहेत.

जयभीम. नमो बुद्धाय.