उरेब कापड आणि कार्बनची सायकल

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. दहावी, १९८९ ची तुकडी)



संयोजकांनी आम्हां बोलणाऱ्यांना बजावलं होतं, की नोकरी, बदल्या आणि मुलांची शिक्षणं यांचा पाढा वाचायचा नाही. पन्नाशीनंतर नव्याने काय केलंत ते सांगा. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सायकल’ एवढाच शब्द छापला आहे. सकाळपासून चौघांनी विचारलं, सायकलीवर काय बोलणार? बघू या. घंटा झाली की मी थांबेन.

मी डोंगरात चालवायची सायकल, म्हणजे माउंटन बाइक, परदेशातून सुटे भाग मागवून घरी जोडली. तिची फ्रेम कार्बनची आहे. फ्रेम चीनमधल्या शियामेनहून आली, पुढचा फोर्क आणि टायर तैवानचे, गियर आणि ब्रेक जपानच्या शिमानोचे, चाकांचे आरे स्वित्झर्लंडच्या डीटी स्विसचे. चार महिन्यांत अकरा खोकी आली आणि त्यांची एक सायकल झाली. वजन भरलं अकरा किलो दोनशे ग्रॅम. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकली, ज्यांच्या नळीखालून पाय घालून आपण अर्धं पेडल मारायला शिकलो, त्या कॅरियर-स्टँडसकट वीस किलोंच्या घरात असायच्या.

जोडलेली सायकल दुकानात मिळत असताना हा उद्योग कशाला, हा पहिला प्रश्न. त्याला इतिहासाचं उत्तर आहे. माउंटन बाइकचा जन्मच जोडाजोडीतून झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण मंडळी फुगीर टायरच्या जुन्या, जड सायकली भंगारातून उचलायची, त्यांना मिळतील ते गियर आणि ब्रेक बसवायची आणि माउंट टॅमलपाइसच्या उतारावर सोडायची. पेडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्ये लागणारा ब्रेक त्या सायकलींना असे. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातलीच नावं. पुढे वीस वर्षांत, १९९६ साली, हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये गेला.

शिमानोची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९२१ साली ओसाकाजवळच्या सकाई गावात एका छोट्या कारखान्यात त्यांनी सुरुवात केली आणि पहिली वस्तू बनवली ती फ्रीव्हील. उतारावर पेडल थांबवलं की मागच्या चाकातून जो टिकटिक आवाज येतो ना, तोच भाग.

आता पैशांचं बोलते, म्हणजे चहाच्या वेळी कुजबुज नको. सगळं मिळून एक लाख सत्तर हजारांच्या आसपास खर्च आला. यातला बराच भाग सरकारजमा झाला. मालाच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवायचा, त्यावर सीमाशुल्क, त्यावर अधिभार आणि या सगळ्याच्या बेरजेवर जीएसटी. म्हणजे करावरही कर. बँकेत जन्म गेल्यामुळे मला हे गणित नवं नव्हतं, पण स्वतःच्या खिशातून भरताना ते जास्त चांगलं समजलं.

कार्बन म्हणजे काय, हे समजून घेताना मला भौतिकशास्त्राच्या तासाआधी आठवला तो शिवणकामाचा तास. तुम्हांला आठवत असेल, कार्यानुभवाच्या तासाला मुलं वायरिंग आणि सुतारकामाला जायची, आणि आम्ही मुली शिवणाला. त्या काळची सगळीकडची पद्धतच ती. शिवणाच्या बाई कापड हातात देऊन म्हणायच्या, उभं ओढा, आडवं ओढा, आता तिरकं ओढा. उभा धागा ताणत नाही, आडवा फारसा ताणत नाही, पण उरेब धरलं की कापड सरकतं. कारण त्या तिरक्या दिशेला धागाच नसतो.

कार्बनची फ्रेम याच धड्यावर उभी आहे. कार्बनचा धागा बनतो ॲक्रिलिक लोकरीच्याच जातकुळीतल्या धाग्यापासून. तो धागा हवा लागू न देता हजार अंशांहून जास्त तापवला की कार्बन तेवढा उरतो. ही रीत १९६० च्या सुमारास ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेत आकिओ शिंदो यांनी शोधली. एक तंतू केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक असतो. ओढायला गेलं तर तो फार चिवट, पण फक्त त्याच्या लांबीच्या दिशेनं. म्हणून फ्रेमची नळी करताना राळेत भिजवलेल्या धाग्यांचे थर वेगवेगळ्या दिशांना लावतात. नळी वाकू नये म्हणून काही थर लांबीच्या दिशेनं. नळी पिळली जाऊ नये म्हणून काही थर उरेब, पंचेचाळीस अंशांत, एकमेकांना छेद देणारे. पीळ बसला की ताण तिरका पडतो, आणि तिथे आता धागा असतो. बाई, आपण इथे बसला आहात म्हणून सांगते: हे मी कुठल्या पुस्तकात वाचण्याआधी तुमच्या टेबलावर शिकले होते.

पण कार्बनला एक गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे आवळणं. लोखंडी सायकलीचा बोल्ट आपण ‘अजून थोडा’ म्हणत अंगाच्या जोरानं पिळतो. कार्बनच्या नळीवर तसं केलं तर आतले थर चिरडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक बोल्टजवळ आकडा छापलेला असतो. सीटच्या दांड्याला माझ्या सायकलीवर पाच न्यूटन-मीटर. सर, तुमच्या भाषेत सांगायचं तर मीटरभर दांडीच्या टोकाला साधारण अर्धा किलो वजन टांगलं की पडेल तेवढा पीळ. त्यासाठी टॉर्क पाना लागतो. ठरलेला पीळ झाला की तो ‘टक’ करतो. आणि नळी घसरू नये म्हणून ग्रीसऐवजी बारीक रवाळ लेप लावतात, म्हणजे कमी आवळूनही पकड बसते.

दुसरी गंमत आट्यांची. पेडलचा दांडा जिथे फिरतो तिथल्या दोन कपांपैकी चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. डावं पेडलही उलट्या आट्यांचं. गावातल्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला हे ठाऊक असतं. कारण विचारलं की तो हसतो. कारण घरी करून बघण्यासारखं आहे. सैल मुठीत पेन्सिल धरा आणि तिचं टोक गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती विरुद्ध दिशेला फिरू लागते. पेडलवर पाय पडतो तेव्हा त्याच्या आसाचंही असंच होतं, आणि आटे सरळ असते तर डावं पेडल चालवता चालवता सुटून आलं असतं.

आता ज्या प्रसंगासाठी मी बोलायला उभी राहिले, तो सांगते. हँडलही मी कार्बनचं मागवलं होतं. विक्रेत्याचं नाव घेत नाही. हँडल दिसायला देखणं होतं. पण बसवण्याआधी मी टॉर्च लावून नळीच्या आत बघितलं, तर जिथे हँडल वाकतं तिथे आतून सुरकुती होती. शिलाईत कापड दुमडून आत गेल्यावर दिसते तशी. मग नाण्यानं बाहेरून टिचक्या मारत गेले. सगळीकडे खणखणीत आवाज आणि त्या बोटभर जागेत बद्द. फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘हा फक्त दिसण्यातला दोष आहे, बिनधास्त वापरा.’ पैसे परत मिळाले नाहीत.

घरात दोन मतं झाली. एवढे पैसे आणि एवढी जकात भरलेली वस्तू, कदाचित आयुष्यभर काही झालंही नसतं. पण ही सायकल मी एकटी चालवणार नव्हते. माझी मुलगी सुट्टीला आली की तीही चालवते, आणि माझ्यापेक्षा जोरात. धातू पुष्कळदा आधी वाकतो आणि आपल्याला सांगतो. कार्बन तुटायचा तेव्हा एकदम तुटतो. आणि घाटाच्या उतारावर हँडल तुटलं तर पुढचं काही आपल्या हातात राहत नाही.

मी ते हँडल करवतीनं कापलं. तोंडाला मास्क लावून, पाणी सोडत, कारण त्याची धूळ छातीत जाणं वाईट. भंगारात सबंध टाकलं असतं तर कुणीतरी उचलून दुसऱ्या सायकलीला लावलं असतं, म्हणून चार तुकडे केले. सुरकुतीच्या जागी नळीची एक भिंत दुसरीच्या निम्म्यानं जाड होती. ते तुकडे आज पिशवीत आणले आहेत, सगळ्यांकडे फिरवते. बोट लावा, पण कडा जपून. माझ्या सायकलीला आज ॲल्युमिनियमचं साधं हँडल आहे. ते थोडं जड आहे, आणि मला शांत झोप लागते.

चालवण्याबद्दल थोडं. पुढे बत्तीस दात आणि मागे दहापासून एक्कावन्न दातांपर्यंत बारा चकत्या. सगळ्यात हलक्या गियरवर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण दीड मीटर सरकते; आपल्या जुन्या सायकली पाच मीटरहून जास्त सरकायच्या. म्हणून तेव्हा आपण यवतेश्वरचा घाट उतरून चढायचो आणि आज मी बोरणे घाट बसून चढते. हळू, पण बसून. वर ठोसेघर ओलांडलं की चाळकेवाडीचं पठार, पवनचक्क्या आणि मुरमाच्या वाटा. तिथे टायरमध्ये हवा कमी ठेवायची, माझ्या वजनाला बावीस पौंडांच्या आसपास, म्हणजे टायर दगडावर उडत नाही, त्याला चिकटून जातो. आत ट्यूब नाही, चिकाचं पातळ द्रव्य असतं. बाभळीचा काटा गेला तर ते द्रव्यच भोक बुजवतं. मात्र आपल्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं, दर दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं. आणि कासला गेलात तर डांबरी रस्ता सोडू नका. तिथल्या जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यातच ती फुलं. एका चाकाची ओळ पुढे वर्षानुवर्षं राहते.

आता तुम्हांला वाटत असेल, ही सगळ्यांना कार्बनची सायकल घ्यायला सांगणार. नाही. शाळेत जायला, बाजाराला, पहाटे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फेरी मारायला लोखंडी सायकलच चांगली. ती मोडली तर कुठलाही वेल्डर जोडून देतो. कार्बनची दुरुस्ती करणारे हात मोजके आहेत, आणि निकामी झालेली फ्रेम वितळवून नवी करता येत नाही. हे तिचं उणं आहे आणि ते मान्य करूनच मी ती वापरते.

मला सांगायचं आहे ते वेगळं. आज सकाळी मी शाळेच्या सायकल स्टँडवर चक्कर मारली. पंचवीस सायकली मोजल्या. त्यांतल्या नऊ सायकलींचा पुढचा ब्रेक लागत नव्हता. दोघींची चाकं इतकी आउट होती की रबर एकाच बाजूला घासत होतं. या मुलामुलींना रोज घाटरस्त्याच्या उतारावरून यायचं असतं. या प्रत्येक दुरुस्तीला दहा मिनिटं आणि दोन पाने लागतात. ज्याला ते माहीत नाही, त्याला मात्र आयुष्यभर वाटतं की हे काम दुसऱ्याचं.

म्हणून मुख्याध्यापकांच्या परवानगीनं आपल्या तुकडीपुढे एक प्रस्ताव ठेवते. जुन्या सुतारकामाच्या खोलीत सायकल टांगायचा एक स्टँड, पान्यांचा एक पूर्ण संच, आरे आवळायची चावी, चाकाचा आउट काढायचं स्टँड आणि एक टॉर्क पाना. माझ्या हिशेबानं तीस हजारांत बसतं, आणि तेवढे मी एकटीही देईन. पण पैसे द्यायला मी कुणाला उभं करत नाही. मला हवे आहेत महिन्यातले दोन शनिवार. आपल्यातले दोघे जण गॅरेज चालवतात, एक जण लेथवर आयुष्य काढून आला आहे, आणि शिवणाच्या तासाच्या आम्ही किमान सहा जणी साताऱ्यातच आहोत. मुलं आणि मुली एकाच टेबलाभोवती बसतील, एवढी माझी अट आहे.

वहीत पहिलं नाव मी लिहिलं आहे. वही चहाच्या टेबलावर आहे, पेन बांधलेलं आहे. पहिला शनिवार येत्या महिन्यातला दुसरा. त्या दिवशी नऊ ब्रेक करायचे आहेत.