किमिको दाते : एका खेळाडूची दोन पर्वे
(शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



शारीरिक शिक्षणाच्या तासाविषयी चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले आहे. तासिका व नोंदवही यांसंबंधीची परिपत्रके आपणांस पोहोचली आहेतच. ती पुन्हा वाचून दाखविण्यात काही स्वारस्य नाही. त्याऐवजी एका जपानी टेनिसपटू स्त्रीची हकिकत आपणांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे. टेनिसचे जाळे आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळेत कधीच लागणार नाही, याची मला जाणीव आहे. पण या हकिकतीचा संबंध जाळ्यापेक्षा मुलांशी अधिक आहे.

किमिको दाते यांचा जन्म २८ सप्टेंबर १९७० रोजी क्योटो येथे झाला. त्या जन्मतः डावखुऱ्या. परंतु डावखुऱ्या मुलास उजव्या हाताचे वळण लावण्याची चाल जपानात जुनी होती. त्यामुळे रॅकेट उजव्या हाती आली आणि शेवटपर्यंत तेथेच राहिली. यावर कोणी म्हणेल, हात बदलूनही बाई जगात चौथ्या क्रमांकास पोहोचल्या, मग आम्ही बालकाच्या डाव्या हातातील पेन्सिल उजव्या हातात दिली तर बिघडले कोठे? हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. डाव्या हाताने त्या कोठवर गेल्या असत्या, हे कोण सांगणार? आणि ज्यांचा हात बदलला, पण ज्यांचे नाव कोठेच झाले नाही, अशा मुलांची मोजदाद कोणी ठेवली आहे? टेनिसमध्ये तर डावखुरेपणा हा लाभच समजतात, कारण त्या बाजूने येणाऱ्या चेंडूची प्रतिस्पर्ध्यास सवय नसते.

आता त्यांच्या खेळाविषयी. उंची सुमारे १६३ सेंटिमीटर; पाश्चात्त्य खेळाडूंपुढे त्या ठेंगण्याच दिसत. बळाच्या जोरावर चेंडू मारण्याच्या स्पर्धेत त्यांचा निभाव लागणे कठीण होते. सर्वसाधारण खेळाडू टप्पा पडल्यावर चेंडू पुरता वर येण्याची वाट पाहतो आणि त्यासाठी मागे सरतो. दाते मागे सरत नसत. मागच्या रेषेला लगटून उभ्या राहून, चेंडू टप्प्यावरून वर उसळत असतानाच त्या तो सपाट फटक्याने परतवीत. यात दोन गोष्टी साधत. समोरच्याने चेंडूस दिलेला वेग आयताच उपयोगी पडे, आणि त्याला पुन्हा जागेवर येण्यास अवधी मिळत नसे. मात्र डोळा व पाय यांचा मेळ चुकला की फटकाही चुकलाच. अंगकाठी लहान असलेल्या विद्यार्थ्यास आपण सहजपणे ‘तू बाजूला बैस’ असे म्हणतो. त्याच्या अंगात जे आहे त्यातून कोणता खेळ उभा राहील, हा विचार आपणांस सुचत नाही.

१९८९ मध्ये त्या व्यावसायिक खेळाडू झाल्या. १९९४ मध्ये सिडनीची स्पर्धा जिंकून त्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेल्या, आणि जगातील पहिल्या दहांत येणारी पहिली जपानी स्त्री ठरल्या. १९९५ मध्ये फ्रेंच स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चौथा क्रमांक मिळाला. एप्रिल १९९६ मध्ये टोकियो येथे फेडरेशन चषकाच्या लढतीत त्यांनी स्टेफी ग्राफ यांचा ७-६, ३-६, १२-१० असा पाडाव केला. तीन तासांहून अधिक काळ हा सामना चालला होता. पुढे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पुन्हा ग्राफच समोर आल्या. दोघींनी एकेक डाव ६-२ असा जिंकला आणि अंधार पडल्याने खेळ थांबला. दुसऱ्या दिवशीचा निर्णायक डाव ग्राफ यांनी ६-३ असा घेतला.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी खेळ सोडला! अखंड प्रवास आणि स्पर्धांचे दडपण यांचा त्यांना वीट आला होता. पुढील साडेअकरा वर्षांत विवाह झाला, लहान मुलांना टेनिस शिकविणे झाले, लंडनची मॅरेथॉनही २००४ मध्ये साडेतीन तासांच्या आत धावून झाली.

एप्रिल २००८ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्या परतल्या. जुन्या नावावर मानाची जागा मागितली नाही. गिफू येथील लहान स्पर्धेत पात्रता फेरीपासून आरंभ केला आणि अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या. दुहेरीत त्यांची जोडीदार होती सोळा वर्षांची कुरुमी नारा. तेथे दोघी विजयी झाल्या. सप्टेंबर २००९ मध्ये, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांनी सोलची स्पर्धा जिंकली. एकेरीतील त्यांच्या आठ विजेतेपदांपैकी हे शेवटचे. २०११ मध्ये विम्बल्डनला व्हीनस विल्यम्सशी त्या सुमारे तीन तास झुंजल्या; तिसरा डाव ६-८ असा गेला. त्या वेळी त्या चाळीस वर्षांच्या होत्या. २०१३ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियन स्पर्धेत बाराव्या मानांकित नादिया पेत्रोव्हा यांस त्यांनी ६-२, ६-० असे हरविले.

शेवट मात्र गोड झाला नाही. २०१६ मध्ये गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये टोकियो येथील अखेरच्या सामन्यात त्यांना एकही गेम घेता आला नाही, ०-६, ०-६. चरित्रे सांगताना आपण असे आकडे गाळतो. मुलांना ते अवश्य सांगावेत, असे माझे मत आहे.

त्यानंतर त्यांनी वासेदा विद्यापीठात क्रीडाशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास केला. विषय निवडला तो जपानमधील टेनिस मैदानांच्या पृष्ठभागाचा. तेथे वाळू भरलेल्या कृत्रिम हिरवळीची मैदाने पुष्कळ आहेत; आंतरराष्ट्रीय स्पर्धा मात्र प्रायः अन्य पृष्ठभागांवर होतात. चेंडू निराळा उसळतो, म्हणून मुलाचे पाय आणि फटकेही निराळे घडतात. मैदानाची जमीन ही अशी शिक्षकाच्याही आधी शिकवू लागते.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात, अशी विनंती आहे. आपल्या शाळेचे मैदान मुरमाचे, काळ्या मातीचे की फरशीचे, आणि त्यावर अनवाणी मुले कोणते खेळ खेळू शकतात. दुसरे, आपल्या वर्गात डाव्या हाताने लिहिणारी मुले किती व पूर्वी तशी लिहिणारी किती. आता आपणांस काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे.