गिटारच्या हाताला मँडोलिन

मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. चाळीस वर्षं गिटार वाजवतोय, मेसमधल्या पार्ट्यांपुरती, पण मनापासून. हल्ली डाव्या हाताची अनामिका आखडते. एफ कॉर्डमध्ये तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबायची आणि बाकीच्या बोटांनीही जोर लावायचा. ते आता होत नाही. माझ्या वयाच्या काही मित्रांनी याच टप्प्यावर गिटार कपाटावर टाकली. मला ते करायचं नाही.

सल्ला हमखास मिळतो: ‘मँडोलिन घ्या, छोटं असतं, सोपं जाईल.’ छोटं असतं हे खरं. गिटारची वाजती तार साधारण ६५ सेंटिमीटर, मँडोलिनची ३५च्या आसपास. जी कॉर्डला गिटारवर तीन बोटं लागतात, मँडोलिनवर दोन पुरतात. पण तिथे तारा आठ, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि एका बोटाने दोन्ही तारा दाबायच्या. दुखऱ्या बोटाला पहिल्या आठवड्यातच ते कळतं. पडदेही इतके जवळजवळ की जाड बोटांची दाटी होते.

खरी गंमत तारांच्या लावणीत आहे. गिटारच्या खालच्या सुरांच्या चार तारा ई, ए, डी, जी. मँडोलिनच्या जी, डी, ए, ई. म्हणजे तीच नावं उलट्या क्रमाने! बोटांना पाठ असलेले आकार उलटे होतात, हात गोंधळतो आणि कानाला कामाला लागावं लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मँडोलिनवर एका तारेकडून पुढच्या तारेकडे जाताना सा ते प इतकं अंतर, प्रत्येक वेळी तेवढंच. गिटारवर सा ते म, आणि मध्येच एका ठिकाणी सा ते ग. त्यामुळे मँडोलिनवर बसलेली धून शेजारच्या तारेवर तशीच्या तशी सरकते. व्हायोलिनही असंच लावतात.

आर.ई.एम. बँडचा पीटर बक मूळचा गिटारवाला. मँडोलिन शिकत असताना त्याला जी धून सुचली, तिचंच १९९१चं ‘लूझिंग माय रिलिजन’ झालं. उलट आपले यू. श्रीनिवास. कर्नाटक संगीतातले गमक निघावेत म्हणून त्यांनी जोडतारा काढून इलेक्ट्रिक मँडोलिनवर पाच एकेरी तारा ठेवल्या. वाद्यापुढे मान तुकवायलाच हवी असं नाही.

काहींनी गिटारच मँडोलिनसारखी लावली. रॉबर्ट फ्रिपने १९८०च्या दशकात ती सी, जी, डी, ए, ई अशी पंचमाच्या अंतराने चढवत नेली, पण सर्वांत वरची तार बीपर्यंत नेली की तुटायची, म्हणून तो जीवर थांबला. घरच्या तारांवर हा प्रयोग करू नका, त्याला वेगळ्या जाडीचा संच लागतो.

माझ्या बोटाला जे मानवलं ते वेगळंच. डी, ए, डी, जी, ए, डी. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने १९६०च्या दशकात मोरोक्कोचं संगीत ऐकून ही लावणी रुळवली. यात एकही तार चढवायची नाही. सहावी, दुसरी आणि पहिली एकेक स्वर उतरवायची, बस. तार तुटायची भीती नाही. डीला सा माना: सा, प, सा, म, प, सा. तंबोरा मांडीवर घेतल्यासारखं वाटतं. यात गंधार नाहीच, त्यामुळे कोमल गंधाराची भैरवी चालते आणि शुद्ध गंधाराचा खमाजही. एका-दोन बोटांत काम होतं, एफ कॉर्डची आठवणही येत नाही. यमन मात्र नको. उघडी तार शुद्ध मध्यम देते आणि यमनला तीव्र हवा.

तर आता मी सहावी तार उतरवतो. खुंटी हळू फिरवायची, चौथ्या तारेशी ताडून. दोन्हींत एका सप्तकाचं अंतर हवं. थरथर थांबली की जुळली समजा. ऐका.