दूरदेशीचा ग्राहक आणि पुण्यातील सदनिका

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठावरील पुण्याचे वाडे जमीनदोस्त झाले. त्यानंतरच्या काळात या शहराच्या निवासाचे रूपच पालटले. वाड्यांच्या जागी सदनिका आल्या, सहकारी गृहसंस्था आल्या. बाणेर, बालेवाडी, खराडी ही एकेकाळची शेतीची गावे १९९७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आली आणि तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींत घर घेणारांमध्ये अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व आखाती देशांत स्थिरावलेली मराठी कुटुंबेही आहेत. कोणी वृद्ध आईवडिलांसाठी घर घेतो, कोणी परतण्याच्या आशेने, तर कोणी केवळ भाडे व वाढती किंमत यांवर दृष्टी ठेवून. त्यांपैकी अनेकांनी परक्या देशाचे नागरिकत्व स्वीकारलेले असते. ज्या शहरात तो लहानाचा मोठा झाला, त्याच शहरात कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी ग्राहक ठरतो.

असा ग्राहक जागा प्रत्यक्ष पाहू शकत नाही. त्याच्या वतीने ती पाहतात गावाकडचे काका, शाळेत शिक्षक असलेले मेहुणे किंवा ओळखीचे एखादे पंचायत सदस्य. पुष्कळदा सहीचा अधिकारही त्यांनाच दिला जातो. व्यवहार बिघडला तर पैसा जातोच, शिवाय नातेही तुटते. म्हणून या विषयाची माहिती परदेशस्थांइतकीच गावातील जाणत्या माणसालाही असणे अगत्याचे आहे.

कोणाला काय घेता येते?

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी नागरिकाला भारतात स्थावर मिळकत घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी आवश्यक होती. १ जून २००० पासून त्याची जागा परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने, म्हणजे ‘फेमा’ने घेतली. त्याखालील नियमांप्रमाणे अनिवासी भारतीय तसेच ओसीआय कार्डधारक यांना निवासी व व्यापारी मिळकत वेगळ्या परवानगीवाचून विकत घेता येते. मूळचा भारतीय नसलेल्या आणि परदेशातच राहणाऱ्या व्यक्तीला ही मोकळीक नाही. मात्र अशी व्यक्ती अनिवासी भारतीयाची किंवा ओसीआय कार्डधारकाची पती अथवा पत्नी असेल, विवाह नोंदविलेला असेल व त्यास दोन वर्षे झाली असतील, तर दोघांना मिळून एक मिळकत घेता येते.

या मोकळिकीला एक ठळक अपवाद आहे. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस या गोष्टी अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला खरेदी करता येत नाहीत. वारसाहक्काने आलेली वडिलार्जित शेती त्याला ठेवता येते. ती विकावयाची तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकावी लागते. शिवाय महाराष्ट्रात १९४८ च्या कूळवहिवाट कायद्यानेही शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन घेण्यावर निर्बंध घातले आहेत. ‘डोंगरपायथ्याशी फार्महाऊस’ अशी आकर्षक जाहिरात परदेशस्थ भाच्याने पाठविली, तर मामांनी प्रथम सातबारा पाहावा. सातबारा शेतीचा असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

पैसा कोणत्या वाटेने यावा?

खरेदीची रक्कम बँकेमार्फत परदेशातून यावी अथवा अनिवासी खात्यातून द्यावी, असा नियम आहे. विदेशी चलनी नोटा किंवा प्रवासी धनादेश देऊन सदनिका घेता येत नाही. या शिस्तीचे महत्त्व पुढे विक्रीच्या वेळी कळते. परकीय चलनाने किंवा एनआरई खात्यातून जेवढी रक्कम रीतसर आलेली असेल, तेवढी परत परदेशी नेता येते, आणि निवासी मिळकतींबाबत ही सवलत दोन मिळकतींपुरतीच आहे. उरलेली रक्कम एनआरओ खात्यात जमा होते व कर भरल्यानंतर एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर पाठविता येते. किमतीचा काही भाग रोखीने देऊन मुद्रांक शुल्क वाचविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो पैसा कागदावर कोठेच दिसत नाही, आणि जो पैसा आला असे सिद्ध होत नाही, तो परत नेण्याचा हक्कही सांगता येत नाही.

बांधकामाची खातरजमा

१९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने करारापूर्वी २० टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम घेण्यास वाव ठेवला होता. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली. त्यापुढील रक्कम नोंदणीकृत करारानंतरच घेता येते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम बांधकाम व जमिनीच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवणे विकासकावर बंधनकारक आहे. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात ‘महारेरा’ हे प्राधिकरण कार्यरत असून, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, मंजुरी व ताबा देण्याची तारीख कोणालाही घरबसल्या पाहता येते. गावाकडच्या नातलगाने जागेवर जाऊन नमुना सदनिका पाहण्यापूर्वी ही नोंद पाहावी. तयार इमारत असल्यास भोगवटा प्रमाणपत्र मागावे, आणि नोंदणीनंतर सूची क्रमांक दोनचा उतारा जपून ठेवावा.

मुखत्यारपत्र: विश्वास आणि मर्यादा

सर्वांत नाजूक कागद म्हणजे मुखत्यारपत्र. परदेशात ते तेथील नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वाणिज्य दूतावास यांच्यासमोर करून साक्षांकित व्हावे लागते, आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर योग्य मुद्रांक शुल्क भरावे लागते. ‘सर्व मिळकतींचे सर्व अधिकार’ असे सरसकट लिहून देण्याऐवजी अमुक सदनिकेच्या कराराची नोंदणी व ताबा एवढ्यापुरतेच विशेष मुखत्यारपत्र करावे. असे म्हणणे म्हणजे काकांवर अविश्वास दाखविणे नव्हे. मर्यादित अधिकारामुळे काकांवर उद्या नाहक ठपका येत नाही आणि पुतण्यालाही निश्चिंत राहता येते. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने मालकी हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे.

कुलूप लावल्यानंतर

घर भाड्याने द्यावयाचे तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदविणे आवश्यक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अनिवासी मालकाला भाडे देताना करकपात करावयाची असते, हे अनेक भाडेकरूंना ठाऊक नसते. मालक स्वतः राहत नाही म्हणून गृहसंस्था वाटेल तेवढे शुल्क लावू शकत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशाने बिगरभोगवटा शुल्कावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. भाडे, कर, देखभाल आणि विनिमयदर यांचा हिशेब मांडल्यावर गुंतवणूक म्हणून घेतलेले घर कित्येकदा अपेक्षेइतके उत्पन्न देत नाही. तो हिशेब घेण्यापूर्वीच मांडावा.

बंधुभगिनींनो, दूर गेलेल्या माणसाला आपल्या मातीत चार भिंती असाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्यासाठी जागा पाहावयास जाणाऱ्याने भिंतीचा रंग व खिडकीतून दिसणारी टेकडी अवश्य कळवावी. परंतु त्याआधी महारेराची नोंद, मालकीचा शोध आणि बँकेची पावती या तीन गोष्टी तपासून तसे पत्राने कळवावे. गावातील शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांनी एवढे केले, तर परदेशी कष्टाने मिळविलेला पैसा बुडणार नाही आणि सुटीत घरी येणाऱ्या मुलाला नातलगांच्या दारी जाताना अवघडल्यासारखे होणार नाही.