अकरा रागांची एक तबकडी



सुरतेहून सह्याद्रीच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर वांसदा नावाचे गाव आहे. पूर्वी ते एका लहानशा संस्थानाचे ठाणे होते. आज ते नवसारी जिल्ह्यात मोडते. संगीतकार जयकिशन यांचा जन्म या गावचा. मुंबईस पृथ्वी थिएटरात ते हार्मोनियम वाजवीत, शंकर तबला वाजवीत; आणि १९४९ च्या ‘बरसात’पासून या दोघांचे मिळून एकच नाव झाले. त्यांची गाणी आपणांस पाठ आहेत. पण १९६८ साली निघालेल्या त्यांच्या ज्या तबकडीत एकही गाणे नाही, तिच्याविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत. तिचे नाव ‘राग जॅझ स्टाइल’.

तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग तीत आहेत. रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रंपेट, लेस्ली गुदिन्हो यांचे ड्रम, आणि जोडीला गिटार व तबला. असे वादक चित्रपटगीतांच्या मागे वर्षानुवर्षे बसत आले. गाणे गाजे, गायकाचे नाव होई. यांचे नाव क्वचितच कोणाच्या ओठी येई. येथे गायकच नाही. पुढे १९७० नंतर जमैका बेटावर किंग टबी नामक ध्वनितंत्रज्ञाने तयार गाण्यांतला गळा काढून घेतला, ढोल आणि खर्जाची गिटार तेवढी पुढे आणली. त्या प्रकारास ‘डब’ म्हणतात. रीत निराळी, पण कानास मिळणारा धडा एकच : मागे बसलेल्यांचे म्हणणे ऐका.

ही तबकडी मी प्रथम ऐकली ती सुरतेतच, ज्यांच्यापाशी मी सूर ओळखावयास शिकलो त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या घरी. मालकंस लागला आणि त्यांनी सुई उचलली. “हा मालकंस नव्हे, त्याचा अंगरखा घातलेला पाहुणा आहे,” एवढेच ते म्हणाले. मला राग आला. परंतु त्यांच्या म्हणण्यात अर्थ होता, हे पुढे कळले.

जॅझमध्ये तीनचार स्वर एकदम वाजवून त्यांचा संघ उभा करतात. आपला राग एकामागून एक येणाऱ्या स्वरांनी फुलतो. मालकंसात ऋषभ आणि पंचम वर्ज्य. पाश्चात्य वादकाचा हात सवयीने षड्ज, गंधार, पंचम असा संघ धरू पाहतो, आणि पंचम वाजला की मालकंस मोडला. म्हणून तेथे प्रत्येक वादकास जपून पाऊल टाकावे लागते. कलावतीची गोष्ट उलटी. षड्ज, गंधार, पंचम आणि कोमल निषाद हे चारही स्वर तिच्या घरचेच. आणि या चार स्वरांचा संघ जॅझवाल्यांच्या नित्य वापरातला. तेथे दार आतूनच उघडे आहे. पाहुण्यास ते मोडावे लागत नाही.

या तबकडीत उणीव नाही असे नाही. अकरा राग एका तबकडीत बसवावयाचे, तेव्हा आलापास अवकाश कोठून मिळणार? ड्रमचा ठेका रागाला सावकाश डोळे उघडू देत नाही. जे रागविस्ताराच्या अपेक्षेने बसतील ते निराश होतील. पण दोन परंपरांचे कसलेले वादक एकमेकांस कोठे वाट देतात आणि कोठे अडतात, हे ऐकू पाहणाऱ्यास येथे पुष्कळ मिळेल.

१९७१ च्या सप्टेंबरात जयकिशन वारले. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी ती तबकडी पुन्हा त्या गृहस्थांकडे नेली, आणि या वेळी कलावती लावली. त्यांनी सुईला हात लावला नाही. संपल्यावर म्हणाले, “आता मालकंस लाव. त्या दिवशी मी पुरता ऐकला नव्हता.”